मामांचं इलायती गवत

आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणालाही आणि कशालाही अशक्त राहू दिलं नाही. माणूस असो, म्हैस असो, उसाचं बेणं असो नाहीतर दाराची बिजागरी असो, एखादी गोष्ट चालेनाशी झाली की त्यांचं निदान ठरलेलं असायचं, "ह्येला खुराक न्हाई." मग खुराक सुरू व्हायचा. एकदा पुढचं दार कुरकुरायला लागलं, तर त्यांनी बिजागरीत तूप घातलं. तेही घरच्या म्हशीचं, कढवलेलं. दार गप्प झालं, पण घरातलं मांजर दिवसभर त्या बिजागरीला चिकटून बसायला लागलं. "बसू दे. त्येच्या बी अंगाला लागंल," एवढंच ते म्हणाले. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला तांब्याभर दूध प्यायल्याशिवाय त्या घरातून बाहेर पडता येत नसे. तो बिचारा त्या दिवशी घरून उपाशीच निघायचा म्हणे.

मीसुद्धा यातून सुटलो नाही. साताऱ्याहून मुलगी बघायला म्हणून मी त्यांच्या गावी गेलो, कुंडलच्या पुढं पाच-सात मैलांवर, तर मुलगी राहिली बाजूला आणि मलाच बघण्याचा कार्यक्रम झाला. त्यांनी माझा दंड चिमटीत धरला, बाजारात खोंडाचं वशिंड दाबून बघतात तसा दाबला आणि माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं, "पोरगं गुणाचं हाय, पर अंगात जीव न्हाई. ती जिम्मेदारी आमची." लग्नाला इतकी वर्षं झाली, ती जबाबदारी ते एक दिवसही विसरले नाहीत. मी त्या घरी गेलो की चहा नाही. थंडाईचा पितळी पेला समोर यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत मामा, आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात, समोर मांडी घालून बसून राहायचे.

याचं मूळ तालमीत होतं. मामा तरुणपणी पैलवान होते. कान मोडून पार कारल्यासारखे झालेले. मोठ्या मैदानांत लढले, काही कुस्त्या मारल्या, काही गुणांवर गेल्या, पण एक गोष्ट ते पाहुण्याला, वाटसरूला, ज्योतिष्यालाही सांगायचे, "हरलो आसंन. पर ह्या पाठीला कुणी माती लावली न्हाई." चितपट झालेच नाहीत कधी. आमच्या सासूबाई, म्हणजे मामी, पदराआडून हसत म्हणायच्या, "झोपत्यात सुदिक कुशीवर. मी काय चितपट करनार हाय व्हय ह्यास्नी?"

आता मामींबद्दल सांगायचं तर आधी हरळीबद्दल सांगायला हवं. हरळी म्हणजे तेच गवत, ज्याला गणपतीपुढं दूर्वा म्हणतात आणि उसाच्या रानात शिव्या देतात. वरून उपटली तरी खाली मूळ राहतं, आणि मूळ राहिलं की हरळी राहिली. मामींनी जन्मभर एकच शत्रू मानला, तो हा. खुरपं घेऊन त्या सरीत बसल्या की मागं नुसती काळी माती उरायची. त्यांच्या रानात हरळीची काडी नव्हती, इतकी की गणपतीत दूर्वांसाठी शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागायचं. हात इतका वळलेला की एकदा सांगलीच्या स्टँडवर गाडीची वाट बघता बघता त्यांनी फलाटाच्या कडेची सगळी हरळी उपटून ढीग लावला. गाडी गेली. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात, वरात दारात आलेली, वाजंत्री वाजतेय, आणि वरमाय मांडवाच्या खांबापाशी खाली बसलेली. लोकांना वाटलं चक्कर आली. चक्कर कसली, खांबाच्या बुडाला हरळी फुटली होती!

तर अशा या मामी दारापुढच्या अंगणात घसरून पडल्या. अंगण शहाबादी फरशीचं, वर धुण्याचं पाणी सांडलेलं. खुबा मोडला. सांगलीला नेलं, ऑपरेशन झालं, हाड झकास जुळलं. पण मामींच्या मनात जे मोडलं ते काही जुळेना. सोप्यातल्या खुर्चीत त्या बसल्या त्या बसल्याच. दोन माणसांनी धरून नेलं तर न्हाणीपर्यंत जायच्या, पण स्वतःचं पाऊल म्हणून टाकायच्या नाहीत. "पुन्यांदा पडले तर मी उठायची न्हाई," एवढं एकच म्हणायच्या. वॉकर आणला होता, त्याच्यावर टॉवेल वाळायचे. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पायात दोष नाही, भीती आहे. पण असंच बसून राहिल्या तर पाय आखडतील, आणि एकदा आखडले की मग मनात आणूनही चालता येणार नाही.

मामांनी अर्थातच खुराक सुरू केला. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, पायाचा रस्सा. मामींची तब्येत अशी सुधारली की ज्याचं नाव ते. गालांवर तेज आलं, चोळीच्या बाह्या घट्ट झाल्या. फक्त खुर्ची सुटली नाही. खुराकानं सुधारली नाही अशी ही मामांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट, आणि ती नेमकी त्यांची बायको निघाली. मी बघत होतो ना, माणूस आतून खचत चालला होता. थंडाईचा पेला पुढं करायचे, पण तो संपेपर्यंत बसायचे नाहीत.

त्या माघात साताऱ्याला आमच्या नात्यातलं लग्न निघालं. हल्ली लग्नं लॉनवर असतात. मामा आले होते, जेवून एका कडेला बसले होते. तेवढ्यात कुणाचं तरी चालायला शिकलेलं लेकरू पळत पळत आलं, धप्पदिशी त्या हिरवळीवर आपटलं, उठलं आणि पुन्हा पळालं. रडलं नाही की मागं वळून बघितलं नाही. मामा ताडकन उठले. पायातलं पायताण काढलं, लॉनवर उभे राहिले, टाचेनं दाबून बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "पावणं, ह्ये गवत इकत मिळतं व्हय?" मी म्हटलं, मिळतं की, सतरंजीसारखं गुंडाळून देतात. ते म्हणाले, "बगा, तालमीत नवं पोरगं येतंय तवा त्येला पयला डाव शिकवत न्हाईत. पयलं पडाय शिकवत्यात. माती मऊ आसली की पडायचं भ्या जातंय, आन भ्या गेलं की पाय आपसूक हालतोय. हिला पडाय मऊ जागा पायजे, बाकी काय न्हाई." भर लग्नात त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना आईस्क्रीम आणून दिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वाईच्या रस्त्यावर एका नर्सरीत गेलो. मालकानं जमिनीवरनं एक पट्टा सोलून हातात दिला. मामांनी तो उलटा केला, मुळं बघितली, एक काडी ओढली, दातात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. मला ओढत पेरूच्या झाडामागं घेऊन गेले. "पावणं, घात झाला. ही हरळीच हाय की वो!" मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, हो, त्याच जातीचं, जरा बारीक पानाचं, सुधारलेलं. मामा कपाळाला हात लावून बसले. ज्या बाईनं जन्मभर हरळी उपटली तिच्या दारात टेम्पो भरून हरळी न्यायची? लोक काय म्हणतील हे सोडाच, मामी काय म्हणतील? पण दुसरं कुठलं गवत आमच्या उन्हात टिकेल असं मालक म्हणेना. शेवटी झाडामागंच आमच्या दोघांत ठरलं. "हिला सांगायचं, इलायती गवत हाय. जावईबापू, तोंडातनं आवाज न्हाई काडायचा." एका पैलवानानं माझा हात हातात घेऊन मागितलेला शब्द होता. मी दिला.

अंगणातली फरशी उखडली. माती आणली, गाळली, शेणखत मिसळलं. इथपर्यंत नर्सरीवाल्याच्या सांगण्याबरहुकूम. पुढं मात्र मामांनी आपलं शास्त्र चालवलं. तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मळतात, म्हणजे अंगाला बाधत नाही. मामांनी अंगणाचा हौदा केला. दोन म्हशींचं ताक त्या मातीनं प्यायलं, हळदही चिक्कार खाल्ली. वर लॉनचे पट्टे अंथरले, सांधे मातीनं बुजवले, आणि सगळ्या आळीला कढीचा वास सुटला. सकाळी उठून बघतात तर गल्लीतली यच्चयावत मांजरं लॉन चाटत बसलेली. आठ दिवसांत कडा पिवळ्या पडल्या. मामांनी मला ऑफिसात फोन लावला, मी नर्सरीवाल्याला जोडून दिला. "मामा, घातलंय काय त्याला?" तो ओरडला. मामा अगदी निरागसपणे म्हणाले, "काय न्हाई वो. जरासं ताक." आता काही दिवस नुसतं पाणी, सकाळ-संध्याकाळ, दुसरं काहीही नाही, अशी त्यानं शपथ घातली. मामांनी ती पाळली, पण तोंड वाकडं करून. "नुसत्या पान्यावर कुणाचं अंग धरलंय का कवा?" असं ते मला रोज फोनवर विचारायचे.

नवं लॉन मूळ धरेपर्यंत त्यावर पाय ठेवायचा नसतो. हे एवढं एक वाक्य मामांनी असं उचललं की विचारू नका. घराला पुढून येणंजाणं बंद. शेळी, कुत्रं, भाऊबंद, सरपंच, सगळ्यांना वळसा. मी शनिवारी गेलो तर मला गोठ्यातून, शेण चुकवत, म्हशीच्या शेपटीचा फटका खात आत घेतलं. जावयाला गोठ्यातून घरात घेणारं घर मी तरी दुसरं बघितलेलं नाही. "मान तुमचाच मोटा हाय, पर आत्ता त्येचं दिवस नाजूक हायती," मामा म्हणाले. बाळंतिणीबद्दल बोलावं तसं बोलत होते! रोज सकाळी एका पट्ट्याचा कोपरा चिमटीत धरून हलकेच वर ओढायचे. सैल उचलला की मान हलवायचे. मामी सोप्यातल्या खुर्चीतून हे सगळं डोळे बारीक करून बघायच्या. "ह्ये हरळीवानी दिसतंय," त्या म्हणायच्या. "इलायती हाय," मामा म्हणायचे, आणि माझ्याकडे न बघता आत निघून जायचे.

एक दिवस भर दुपारी फोन आला. "धरलं! पावणं, धरलं! कोपरा वडला तर हालंना. पैलवानानं पट धरल्यागत धरलंय!" मी ऑफिसात उभा राहून हसत होतो आणि लोक मला पेढे मागत होते. नर्सरीवाला म्हणाला, आता कातरून घ्या. मामांना ते पटणं शक्यच नव्हतं. "आत्ता कुटं पोटाला लागाय लागलंय आन कातरी लावू व्हय?" ताकही परत सुरू झालं, फक्त आता पाणी घालून, आणि यावेळी लॉननं ते मानवून घेतलं. गवत वीतभर झालं. चैत्रातल्या एका शनिवारी मामांनी मामींच्या चालण्याचा मुहूर्त धरला. मला बोलावलं, आणि तालमीतले जुने सोबतीही बोलावले. सगळे सत्तरीपुढचे, सगळ्यांचे कान मोडलेले, पांढरे फेटे बांधून कडेला ओळीनं बसले. वाटावं, कुस्तीच आहे.

मामींची खुर्ची लॉनच्या कडेला आणली. मामा म्हणाले, "ऊठ. चार पावलं टाक." मामींनी मान हलवली. "पडीन मी." "पड की! पडायसाटनंच केलंया ह्ये." "न्हाई वो." त्यांचे हात खुर्चीच्या दांडीवर पांढरे पडले होते. मामांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. मग टोपी काढली, माझ्या हातात दिली, लॉनच्या मधोमध जाऊन मामींकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून मागच्या मागं सपशेल उताणे पडले. पाठ टेकली. पुरी टेकली, दोन्ही खांद्यांसकट. त्या फेटेवाल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदम "आरारारा!" असा आवाज आला. जी पाठ भल्याभल्यांना लावता आली नाही ती मामांनी बायकोसमोर स्वतःहून मातीला लावली होती. आभाळाकडे बघत ते ओरडले, "बग! लागलं का मला? न्हाई लागत! ये!" मामींच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्या उठल्या नाहीत. "उठा आता," त्या हळूच म्हणाल्या. "लोकं बगत्यात."

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. खुराकावर श्रद्धा असलेला माणूस, भरल्या ताटावरून उठला. मला म्हणाले, "पावणं, माझं डाव संपलं." एवढंच.

सकाळी मी सोप्यात पेपर वाचत बसलो होतो. मामींना खुर्चीत बसवलेलं होतं, मामा मागं म्हशीचं बघत होते. मामी लॉनकडे बघत होत्या. वीतभर वाढलेल्या त्या गवताला रात्रीतनं तुरे बाहेर पडले होते. एका काडीच्या शेंड्याला बोटं फाकवावीत तशा चार बारीक काड्या. ज्यानं रान बघितलंय तो हे तुरे झोपेतसुद्धा ओळखेल. मामी पुढं वाकल्या. डोळे बारीक केले. "आगं बया बया बया!" आणि काय होतंय हे मला कळायच्या आत त्या खुर्चीच्या दांड्या दाबून उभ्या राहिल्या होत्या. एक हात खांबाला, मग खांब सुटला. एक पाऊल, दुसरं पाऊल, तोंडानं सारखं चालू, "इलायती म्हनं! ह्यास्नी दिसत न्हाई का डोळ्यानं! दारात हरळी, माज्या दारात!" लॉनच्या मधोमध जाऊन, ऑपरेशनचा पाय पुढं पसरून त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी हरळी उपटायला लागल्या. मूठ भरून, मुळासकट, अगदी सरीत बसल्यासारख्या.

मी त्यांना धरायला धावलो. मनगटावर एक पकड बसली. मामा कधी मागं येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक, हातात दुधाची चरवी तशीच. "गप ऱ्हावा," ते कानात म्हणाले. "उपटू द्या." तो पट्टा, तो सांधा, जपलेलं सगळं मामी ओरबाडून काढत होत्या, आणि मामा हसत होते, रडत होते, मला वाटतं दोन्ही करत होते. मामींनी मागं बघितलं, हातातली जुडी उंच धरली. "ह्ये बगा! हरळी हाय ही!" मामा गरिबासारखं म्हणाले, "व्हय? माज्या ध्यानातच आलं न्हाई." मीही जावई कसा, तर ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवसापासून मामी रोज सकाळी उठून लॉनवर जायच्या. पहिल्यांदा खांब धरून, मग काठी घेऊन. हरळी उपटून ढीग लावायचा आणि मगच चहा. एकदोनदा पडल्याही. पडल्या आणि "मेली हरळी," म्हणून उठल्या. दुपारी मामी सोप्यात आडव्या झाल्या, डोळा लागला, की मामा चोरपावलांनी गोठ्याच्या दारानं बाहेर यायचे. सकाळच्या ढिगातल्या चांगल्या मुळाच्या काड्या निवडायचे, उकरलेल्या जागी एकेक लावायचे, हातानं दाबायचे, वर ताक शिंपडायचे. मी एकदा पकडलं तर ओठावर बोट ठेवलं. "रान मोकळं झालं तर उद्या उटंल कशासाटनं?" अशी त्यांची शेती चालली होती. ती उपटायची, ते लावायचे. मला साताऱ्याच्या बागांमधली कातरलेली लॉनं दिसतात तेव्हा हसू येतं. इतकं ओबडधोबड, ठिगळाठिगळाचं आणि इतकं लाडावलेलं लॉन दुसरं नसेल.

मामा गेले त्याला आता दुसरा उन्हाळा. जाताना झोपेतच गेले, कुशीवर. परवा मी गेलो तर पुढच्या दारानंच आत गेलो, अडवायला कोणी नव्हतं. पाय ठेवताना मात्र उगीच अंग चोरलं. मामी काठी टेकत लॉनवरून येत होत्या, चांगल्या ताठ. थंडाईचा पेला आणून माझ्यापुढं ठेवला, स्वतः पेलाभर ताक घेतलं. गवत गुडघ्याएवढं झालेलं, सगळीकडे तुरे डुलत होते. उघडी जागा कुठं दिसेना. मला चमत्कारिक वाटलं. मामींच्या दारात एवढी हरळी आणि हात लावलेला नाही? थकल्या असतील म्हणून मीच वाकलो आणि एक जुडी मुठीत धरली.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," मामी म्हणाल्या. त्या गवताकडे बघत होत्या. "दुपारची झोप मला कवा लागली वो? डोळं मिटून पडायची. ह्ये काड्या लावत्यात त्ये बगत ऱ्हायाची."

मी मूठ सोडली. मामींनी आपल्या पेल्यात उरलेलं ताक लॉनच्या कडेला ओतलं, पेला पालथा करून झटकला आणि म्हणाल्या,

"आता उपटली तर परत लावनार कोन?"